भागवतचा ताप

दिवाळीपासून भागवतला ताप येत होता, आणि तो ताप नव्हे, आळस आहे, यावर गावाचं एकमत झालं होतं.

ताप होताच तसा. सकाळी माणूस ठणठणीत. चहा पिऊन गोठ्यात जायचा, धारा काढायचा, दुधाचे कॅन मोटरसायकलला अडकवून डेअरीवर घालून यायचा. ऊन कलायला लागलं की मात्र अंगातलं बळ कुणी काढून घेतल्यासारखा ढिला पडायचा. सांधे धरायचे, कंबर मोडून यायची, अंग भाजायचं, आणि पहाटे असा घाम सुटायचा की मुक्ताबाईला रोज गोधडी उन्हात टाकावी लागे. आठ-दहा दिवस हे चालायचं. मग ताप आपसूक निघून जायचा आणि लोक म्हणायचे, "बघा, कांदा काढून झाला, ताप उतरला." पंधरवड्यानं पाहुणा पुन्हा दारात.

पुणतांब्याच्या शिवेवर, गोदावरीच्या अंगाला भागवत आणि त्याचा थोरला भाऊ आप्पासाहेब यांची वस्ती होती. रान एक, गोठा एक, चुली दोन. आप्पासाहेब कामाला वाघ आणि जिभेला कोयता. डॉक्टरनं दोनदा टायफॉईड म्हणून सलाईन लावलं, एकदा मलेरियाच्या गोळ्या दिल्या, छातीचा फोटो काढला. सगळं साफ. साफ म्हटल्यावर आप्पासाहेबांचा धीर सुटला. उसाला पाणी धरताना ते भावजयीला म्हणाले, "मुक्ताबाई, तुमच्या मालकाचा ताप लई शाना हाय. कामाचा दिस वळखून येतो."

मुक्ताबाई तण उपटत राहिली. पण ते वाक्य कुसळासारखं तिच्या मनात रुतून बसलं. ज्या माणसाशी तिनं वीस वर्षं संसार केला, जो तालमीत घुमलेला, जो शेणाची पाटी बायकोला उचलू देत नसे, त्याच्याकडे ती आता तिरप्या नजरेनं बघायला लागली. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता तिच्या तोंडून निघून गेलं, "खरं सांगा, ह्यो ताप अंगात हाय का मनात?"

भागवत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या रात्री भाकरी कुणीच खाल्ली नाही.

पौषात वस्तीवर एक मुलगी स्कूटीवरून आली. ज्ञानेश्वरी तिचं नाव, मूळची अकोले तालुक्यातल्या राजूरची. जनावरांची डॉक्टर झालेली, पण आता पुढचं संशोधन करत होती. नदीकाठच्या गावांतल्या कच्च्या दुधात रोगाचे कोणते जंतू सापडतात, हा तिचा विषय. गावोगाव फिरून ती गोठ्यातल्या एकेका गाईचं दूध वेगळं घ्यायची आणि तपासायची. बऱ्याच ठिकाणी तिला दारातूनच परत पाठवत. मुक्ताबाईनं मात्र तिला पाणी दिलं, कारण पोर उन्हातून आली होती.

"दूध काय, घे की," आप्पासाहेब म्हणाले. "आमच्या गोठ्यात काय वंगाळ न्हाई."

ज्ञानेश्वरीनं ओटीवर पेटी उघडली. लहान लहान नळ्यांत गाईंचं दूध ओतलं, प्रत्येकीवर गाईचं नाव चिकटवलं, आणि प्रत्येकीत निळ्या औषधाचा एकेक थेंब टाकला. नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या. "तासभर थांबायचं," ती म्हणाली. "मग साय वर येते. साय पांढरी आणि खालचं दूध निळसर राहिलं, तर बरं."

तेवढ्यात भागवत गोठ्यातून आला. हातात तांब्या, तांब्यात फेसाळ धारोष्ण दूध. उभ्या उभ्या त्यानं तो रिकामा केला. ज्ञानेश्वरी त्याच्याकडे बघत राहिली.

तास भरला. नळ्या बाहेर आल्या. सगळ्या सारख्याच दिसत होत्या, फक्त तांबडीची नळी उलटी होती. तिच्यातलं दूध पांढरं राहिलं होतं आणि सायीचं कडं गर्द निळं झालं होतं.

"या गाईनं गाभ टाकला होता का?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"न्हाई," आप्पासाहेब ताडकन म्हणाले. "कदी न्हाई."

मुक्ताबाईनं मान खाली घातली. तांबडी दसऱ्याच्या सुमारास सातव्या महिन्यात गाभडली होती. पण गाभडलेली गाय कुणी दारातही उभी करून घेत नाही, आणि आप्पासाहेबांच्या मनात ती उन्हाळ्यात विकायची होती. ज्ञानेश्वरीनं जास्त विचारलं नाही. या तपासणीवर पुरता भरवसा ठेवता येत नाही, गाईची कास सुजली असली तरी कडं निळं होतं, खरं काय ते रक्तावरून कळेल, एवढं सांगून तिनं पेटी मिटली.

ती स्कूटीपर्यंत पोचली असेल नसेल, मागून मुक्ताबाई पदर खोचत आली.

"मॅडम, गाभडली हुती ती. वार अडकली हुती."

"मग कुणी काढली?"

"ह्यांनीच. डॉक्टरला यायला येळ लागला, म्हनून कोपरापतुर हात घातला."

"हातमोजे?"

"मोजे कुठले, मॅडम?"

ज्ञानेश्वरीनं स्कूटीची किल्ली पुन्हा खिशात टाकली. "मावशी, ते बरे आहेत ना? ताप वगैरे येतो का? येऊन जाऊन?"

मुक्ताबाई तिथंच बांधावर बसली. मग तिनं सगळं सांगितलं. सांधे, कंबर, घाम, गोधडी, सलाईन, साफ आलेला फोटो. आणि गाव काय म्हणतं तेही. स्वतः काय विचारलं होतं, ते मात्र तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं.

ज्ञानेश्वरी तिच्या शेजारी मातीत टेकली. "असा ताप असतो, मावशी. ब्रुसेला नावाचा जंतू आहे. गाभडलेल्या जनावरातून येतो, कच्च्या दुधातून येतो. चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. माणूस आतून पोखरत जातो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. त्यांच्या रक्ताची तपासणी व्हायला पाहिजे, पण त्याच जंतूची. नुसती तपासणी म्हटलं तर नेहमीच्याच करतात."

भागवत आधी तयार होईना. "आनखी एकदा साफ निघालं म्हंजे? मग तर मी पक्का ढोंगी ठरलो की," तो म्हणाला. मुक्ताबाईनं त्याचे कपडे पिशवीत भरले, त्याला एसटीत बसवलं आणि ज्ञानेश्वरीनं सांगितलेल्या मोठ्या दवाखान्यात स्वतः घेऊन गेली. तांबडीचंही रक्त गेलं.

दोन्ही रक्तांत तोच जंतू निघाला.

निकाल हातात आला तेव्हा भागवतनं डॉक्टरांना एकच विचारलं, "म्हंजे मला खरंच ताप येतो?" डॉक्टर हसले. पण मुक्ताबाईला हसू आलं नाही. ती खिडकीकडे वळली आणि पदर डोळ्यांना लावला.

गोळ्या दोन प्रकारच्या, दीड महिना चुकवायच्या नाहीत. त्यातल्या एकीनं लघवी केशरी होते हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी भागवत घाबराघुबरा होऊन बाहेर आला. औषधाच्या दुकानात कुणी तरी कुजबुजलं, "ही तर टीबीची गोळी." संध्याकाळपर्यंत वस्तीवर टीबी पोचला. आप्पासाहेबांनी ताट-वाटी वेगळी करायला सांगितली.

"दादा," मुक्ताबाई पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मान वर करून बोलली, "टीबी न्हाई. तांबडीचा रोग हाय. तुमाला म्हाईत हाय तांबडीला काय झालं हुतं."

आप्पासाहेबांनी रस्त्याकडे बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "हळू बोला. गोठ्याचं नाव भाईर गेलं तर डेअरी दूध घेनार न्हाई."

दुसऱ्या आठवड्यात ताप खाली बसला आणि वर आलाच नाही. भागवत अशक्त होता, पण दुपारी लिंबाखाली बसून दोर वळायला लागला. मुक्ताबाई त्याच्यासमोर भाजी निवडत बसली.

"मी तुमाला तसं इचारायला नको हुतं," ती म्हणाली.

भागवतनं पीळ घट्ट केला. "तू निदान इचारलंस तरी. बाकीच्यांनी ठरवूनच टाकलं हुतं."

तिला बरं वाटलं, पण एक गोष्ट तिला सुखानं बसू देईना. शेजारच्या गोजरबाईची सून पोटुशी होती आणि तिच्यासाठी दूध याच गोठ्यातून जात होतं. हा जंतू पोटुशीला जास्तच वाईट, असं ज्ञानेश्वरी बोलली होती. डेअरी दूध घेवो न घेवो. मुक्ताबाई उठली आणि चालू लागली.

गोजरबाई अंगणात शेंगा फोडत होती. मुक्ताबाईनं उभ्यानंच सांगून टाकलं. आता ही शिव्या घालणार, असं तिला वाटलं.

गोजरबाईनं शेंगा फोडायचं थांबवलं. "दूध म्या उकळूनच देते गं. सुनंला कच्चं कदी पाजलं न्हाई," ती म्हणाली. मग तोंड जवळ आणून पुटपुटली, "आमची म्हैस बी गाभडली हुती. पोळ्याच्या मागंपुढं. नदीकडंला नेऊन टाकलं समदं, कुत्र्यांनी वढून नेलं. कुनाला सांगितलं न्हाई."

"आनखी कुनाकुनाची?"

गोजरबाईनं वस्त्यांची नावं घेतली. मुक्ताबाई बोटांवर मोजत गेली. ज्याच्या त्याच्या गोठ्यात घडत होतं आणि जो तो आपल्यापुरतं झाकत होता.

ती ज्ञानेश्वरीला फोन करून म्हणाली, "ये, पर डेअरीवर ये. सकाळी. समदी तिथंच असत्यात."

डेअरीवर रांग लागलेली. फॅट बघायच्या मशीनपाशी ज्ञानेश्वरी उभी राहिली, पण ती तोंड उघडायच्या आत मुक्ताबाईच बोलायला लागली. वाक्यं मागंपुढं होत होती. तरी तिनं तांबडीचं नाव घेतलं, नवऱ्याचं नाव घेतलं, हात घातल्याचं सांगितलं. रांगेत खळबळ माजली. डेअरीचा चालक अमृत कॅनवर हात ठेवून म्हणाला, "मग ह्या गोठ्याचं दूध बंद."

"दूध पुढं तापवलं जातं, तिथं हा जंतू मरतो," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आजारी गाईचं दूध तेवढं बाजूला ठेवा. शहरातला माणूस वाचतो हो. मरण आहे ते गोठ्यात हात घालणाऱ्याचं आणि कच्चं दूध पिणाऱ्याचं. म्हणजे तुमचंच. आणि एक गोठा बंद केलात तर उद्यापासून मला कुणी खरं सांगणार नाही."

मागून गोजरबाई म्हणाली, "आमचा बी गोठा लिवा." मग आणखी एक बाई. मग एक बाप्या, मान खाली घालून. आप्पासाहेब कडेला, भागवतच्या शेजारी उभे होते. ते सगळ्यात शेवटी पुढं आले. "पोरी, तू इचारलंस तवा मी खोटं बोललो," ते म्हणाले. "आन माझ्या भावाला आळशी म्हनलो. त्याच्या गोळ्या संपस्तवर त्याला गोठ्यात जाऊ देनार न्हाई. धारा मी काढीन." भागवतकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. बघवलंच नसेल.

त्यानंतर ज्ञानेश्वरीची स्कूटी कुठल्या दारातून परत गेली नाही. पुणतांब्यातल्या गोठ्यागोठ्यांतून रक्त आणि दूध घेतलं गेलं. बऱ्याच गाई निरोगी निघाल्या, काही निघाल्या नाहीत. आजारी गाईंना औषध नाही, हे ऐकून लोक हळहळले. त्यांना वेगळ्या दावणीला बांधायचं, त्यांचं वेत, म्हणजे बाळंतपण, वेगळ्या जागी करायचं, पडलेली वार चुना टाकून खोल पुरायची. तांबडी विकायची गोष्ट आप्पासाहेबांनी पुन्हा काढली नाही. रानाच्या टोकाला तिच्यासाठी वेगळं छप्पर घातलं. बांधकामाला आप्पासाहेब आणि भागवत दोघं होते. बोलणं फार झालं नाही, पण पत्रा एकानं धरला आणि खिळा दुसऱ्यानं मारला.

उन्हाळा लागता लागता सरकारी दवाखान्याची माणसं लहान कालवडींना लस टोचायला आली. ही लस आयुष्यात एकदाच, आणि कालवड चार ते आठ महिन्यांची असतानाच टोचायची. कालवडी बिथरल्या, दावी तुटली, धूळ उडाली. भागवत हातमोजे घालून कालवडी धरत होता. मोजे त्याच्या पंजाला लहान पडत होते आणि तो त्यांच्या नावानं मोठमोठ्यानं करवादत होता. ज्ञानेश्वरीनं त्याला सुईपासून दूर उभं केलं, लशीतही जंतू जिवंत असतो म्हणून. प्रत्येक कालवडीच्या कानात बिल्ला बसला. मुक्ताबाई कुडाला टेकून बघत होती. नवरा करवादतोय, याचा तिला कधी इतका आनंद झाला नव्हता.

गोजरबाईची सून सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाला ज्ञानेश्वरी आली तेव्हा तिच्या मनात काहीतरी घोळत होतं. निघताना ती म्हणाली, "मावशी, एक मागणं आहे. आमच्या राजूरकडं डोंगरातली माणसं अजून कच्चंच दूध पितात. माझ्या आईलासुद्धा माझं पटत नाही. शिकलीस म्हणून घाबरतेस, म्हणते. तुम्ही डेअरीवर बोललात तसं तिथं बाजाराच्या दिवशी बोलाल?"

"मी? लांबचं गाव, वळख न पाळख. माझं कोन ऐकंल?"

"ऐकतील."

मुक्ताबाईनं भागवतकडे बघितलं. तो बारशाच्या घुगऱ्या खात बसला होता.

"येते," ती म्हणाली. "पर यांना बरुबर आनते. ताप कसा असतो ते यांनीच सांगितलेलं बरं."

"मी काय भाषान करू व्हय?" भागवत म्हणाला, पण लगेच घुगऱ्यांची वाटी खाली ठेवून त्यानं विचारलं, "राजूरला जायला एसटी कुठनं गावती?"