इरम्मा पडली तेव्हा

चिंच झोडायला गडी मिळेना, तेव्हा इरम्माच कास्टा मारून झाडावर चढली. पन्नाशी उलटली होती, पण माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. फांदी कडकन मोडली आणि डोक्याची मागची बाजू बांधावरच्या दगडावर आपटली. क्षणभर डोळ्यांपुढं अंधार. मग उठून बसली नि सून शिवकांतेवरच ओरडली, "बघतीस काय? चिंचा वेच!"

टेंगळावर हळद बसली, कपाळावर विभूतीखाली सुंठेचा लेप. नवरा बंडप्पा हसून म्हणाला, "दगडाला कितपत लागलं, ते बगून येतो."

पण दुसऱ्या दिवशी ठणका उतरायचा सोडून वाढतच गेला. वाकलं की कवटीत घण बसे. जेवलेलं सगळं ओकून पडलं. इरम्मानं त्यावर राख लोटली आणि कुणाला कळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापतानाच तिला पेंग यायला लागली.

"शिवकांता, तवा बग गं."

सून टक लावून पाहत राहिली. "आत्याबाई, मला काय म्हणलात?"

"शिवकांता म्हणले. दुसरं काय?"

"न्हाय. गंगव्वा म्हणलात."

गंगव्वा म्हणजे इरम्माची धाकटी बहीण. ती कधीच वारली होती. इरम्माचा भाकरीवरचा हात थांबला. तरी दवाखान्याचं नाव निघताच तिनं हात झटकले, "ब्याड, ब्याड! नको मला. म्या न्हाय जायची."

कधी वर मान न करणारी शिवकांता सासऱ्याकडं वळली. "मामा, गाडी जुंपा. आज यांचं ऐकू नका."

बंडप्पानं मुकाट्यानं बैल जुंपले.

उमरग्याला निजाम सरकारचा दवाखाना होता. डॉक्टर हैदराबादेकडचा. त्यानं डोळ्यांत बत्ती मारून पाहिलं, चार पावलं चालवलं. "उलटी हुई क्या, अम्मा?"

इरम्मानं तोंड फिरवलं.

"झाली," शिवकांता म्हणाली. "राख म्या बगितली."

"अच्छा किया, आणलं ते," डॉक्टर मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला. "डोक्याला मार लागला तर थोडं दुखतं. पण दर्द वाढत गेला, उलटी झाली, झोप आवरेना, बोलणं चुकलं, तर लेप लावत बसायचं नाही. फौरन यायचं. आत रक्त साकळलं असलं तर सोलापूरला न्यावं लागेल."

त्यानं तिला ठेवून घेतलं. तिला डुलकी लागली की शिवकांता हलवून विचारी, "माझं नाव काय?" इरम्मा चिडून सांगे, पण बरोबर सांगे. हळूहळू ठणका ओसरला. सोलापूर टळलं.

मग इरम्माला खाट आवडू लागली. लग्न झाल्यापासून ती अशी दिवसाढवळ्या कधी लोळली नव्हती. बंडप्पा गरम दूध आणी, निम्मं वाटेत सांडून. शिवकांता जपून तिचे केस विंचरी. डॉक्टरनं घरी जायची परवानगी दिली, वर बजावलं, "अजून काही दिवस आराम. जड काम नाही."

"ऐकलंस का?" इरम्मा सुनेला म्हणाली. "म्या न्हाय, डॉक्टर म्हणतोय."

शिवकांता पहिल्यांदाच सासूसमोर खळखळून हसली. इरम्मानं तिचा हात धरला आणि गाडीत बसेपर्यंत सोडला नाही.