चौदा दुकानांची शिडी

मी एक जुनी लाकडी शिडी आहे. अकरा पायऱ्यांची, दोन्ही कडांनी झिजलेली आणि स्वभावाने जळकी. मित्रांनो, स्वभावाचे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते काही लपणार नाही.

गावाच्या जुन्या पेठेत चौदा दुकाने होती. सुताराने मला घडवले ते कोणा एकासाठी नव्हे, तर या चौदांसाठी मिळून. चष्म्याच्या दुकानाशेजारी एक अरुंद बोळ आहे. तिथे दोन जाड खिळ्यांवर मी आडवी टांगलेली असे आणि ज्याला गरज असेल तो मला घेऊन जाई.

पेठेतली फरसबंदी उताराची आहे आणि माझ्या पायांना ना रबर, ना मागे टेकू. त्यामुळे एक रीतच पडून गेली. ज्याचे काम असेल त्याने वर चढायचे आणि शेजारच्या दुकानदाराने खाली माझे पाय धरायचे. शेजारी मोकळा नसेल, तर तो येईपर्यंत थांबायचे.

या रीतीमुळे मी काय काय पाहिले! चष्मेवाले काका आणि बेकरीवाल्या काकू यांचे वर्षातले आठ महिने बोलणे बंद असे. काका म्हणत, भट्टीच्या धुराने माझ्या काचा धुरकटतात. काकू म्हणत, तुमच्या आरशाची तिरीप माझ्या डोळ्यांत येते. पण काकांच्या दारावरचा दिवा गेला, की काकू पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर येत, तोंड फिरवून उभ्या राहत आणि मला घट्ट धरत. माझ्या अंगावर त्यांची पांढरी बोटे उमटत. दिवा लागेपर्यंत एखादा शब्द निघून जाई आणि भांडण तिथेच मिटे.

माझा सगळ्यांत लाडका माणूस म्हणजे पेठेतला पेंटर. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे त्यानेच रंगवली. त्याची लहान मुलगी माझ्या दुसऱ्या पायरीवर बसून पाय हलवत असे. तो सर्वांना सांगे, "हिच्यावर उभं राहिलं की हात थरथरत नाही." या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षे काढली.

कारण पुढची वर्षे वाईट होती. मोठ्या रस्त्यावर काचेची झगमगीत दुकाने झाली आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. चौदांपैकी आठ दुकाने बंद पडली. उरलेल्यांनी आपापली स्टुले आणली. पेंटर वारला आणि त्याची मुलगी गाव सोडून गेली. कोणी माझ्या पायऱ्यांवर पोछे वाळत घालू लागले, तेवढाच माझा उपयोग.

मग एके दिवशी पेंटरची मुलगी परत आली. आता सगळे तिला पेंटरताई म्हणत होते. तिने उघड्या दुकानांचे मालक, बंद दुकानांचे मालक आणि गावातली हौशी माणसे बेकरीत गोळा केली. "आपली पेठ आपणच उभी करू," ती म्हणाली. "दर रविवारी सकाळी या. कोणी रंग आणा, कोणी झाडू आणा, काही नसेल तर नुसते हात आणा."

आणि लोक खरोखर आले! कोणी दारांचा जुना रंग खरवडला, कोणी गटारे उपसली, कोणी बंद दुकानांच्या कड्यांना तेल घातले. मी बोळातून पाहत होते आणि मनात म्हणत होते, आता मला काढतील.

काढले नाही. नवीन शिडी आणली. अ‍ॅल्युमिनियमची, घडीची, चकचकीत.

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिचे कोण कौतुक! "किती हलकी आहे! एका हाताने उचलता येते!" काकू म्हणाल्या. काका तर चष्मा पुसून तिच्याकडे पाहत होते. "आणि हिला धरायला कोणी लागत नाही," ते म्हणाले. हे मला फार लागले. मला धरावे लागते, हा माझा दोष आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

त्यावर काकूंनी कडी केली. "या जुन्या शिडीचे तुकडे करून कुंड्यांचा स्टँड करू. दाराशी शोभून दिसेल." सुताराने लगेच पेन्सिलने माझ्या अंगावर खुणा केल्या. मी पेंटरताईकडे पाहत राहिले. माझ्या दुसऱ्या पायरीवर वाढलेली पोर ती. ती नक्की नाही म्हणेल. ती म्हणाली, "बघू."

त्यानंतर मी रोज त्या नव्या शिडीला शिव्या घातल्या. तिच्यावर उभी राहून पेंटरताई एकेका दुकानावर खडूने अक्षरे आखत होती आणि प्रत्येक अक्षर माझ्या डोळ्यांत खुपत होते. चौदा पाट्या आखून झाल्या, त्या रविवारी मी मनापासून म्हटले, घसर एकदा. सगळ्यांसमोर घसर, मग कळेल त्यांना.

ती घसरली.

चष्म्याच्या दुकानासमोरची एक फरशी सैल होती. वीसेक माणसे आजूबाजूला काम करत होती, पण या शिडीला धरावे लागत नाही, म्हणून प्रत्येकजण आपल्या कामात होता. एक पाय फरशीत रुतला, शिडी कलंडली आणि पेंटरताई उजव्या हातावर आपटली. तिच्या आपटण्याचा आवाज मी ऐकला. तो मला अजून ऐकू येतो. शिडीच्या इच्छेने कोणी पडत नसते, एवढे मला कळते. तरी मी जे मागितले होते, तेच झाले होते.

मनगट मोडले. पेठेच्या उद्घाटनाला आठच दिवस उरले होते. बेकरीत सगळे मान खाली घालून बसले. "पुढे ढकलू या," कोणीतरी म्हणाले.

"ढकललं की संपलं," पेंटरताई म्हणाली. तिचा हात प्लास्टरमध्ये होता. "अक्षरं आखलेली आहेत. रंग तेवढा भरायचाय. तुम्ही भरा."

"आम्ही? अगं, माझा हात किती कापतो!" चष्मेवाले काका म्हणाले.

"मग आमची जुनी शिडी काढा. बाबा म्हणायचे, तिच्यावर हात थरथरत नाही."

मला खाली उतरवले. सुताराने माझी सैल झालेली तिसरी पायरी ठोकून पक्की केली आणि पेन्सिलच्या खुणा आपल्याच बाहीने पुसल्या. पहिले काका चढले. खाली काकू आल्या.

"हलवू नका हं," काका वरून म्हणाले.

"मी नाही हलवत. तुमचेच गुडघे वाजतायत."

"ती फरशी सैल आहे तिथली. मला माहीत होती," काका थोड्या वेळाने म्हणाले. "बोललो नाही."

"मलाही माहीत होती," काकू म्हणाल्या. त्यांनी माझे पाय आणखी घट्ट धरले. ती पकड मला कळत होती.

आठ दिवसांत चौदा पाट्या झाल्या. अक्षरे कुठे जाड, कुठे बारीक. पेंटरताई खाली उभी राहून सांगत होती आणि प्रत्येक वेळी कोणीतरी शेजारी माझे पाय धरून होता. उद्घाटनाला सारे गाव लोटले. बंद आठांपैकी तीन दुकाने त्याच दिवशी उघडली. लोकांनी पाट्यांचे फोटो काढले. माझा एकही नाही. हो, तेव्हाही मी जळले.

आज संध्याकाळी मला पुन्हा खिळ्यांवर ठेवले. खाली भिंतीला ती नवी शिडी टेकून उभी आहे. तिचा एक पाय वाकला आहे. मघाशी काकू म्हणाल्या, "ही अपशकुनी. उद्या सकाळी भंगारवाला येईल, त्याला देऊन टाका." पेंटरताई तिथेच होती. ती म्हणाली, "बघू."

मित्रांनो, हा शब्द मला चांगला ओळखीचा आहे. म्हणून तुम्हाला विनवते. तिला वर्षही झालेले नाही. तुला कोणाची गरज नाही, असे सगळ्यांनी तिला सांगितले आणि उतारावर एकटी उभी केली. तिचा पाय ठोकून सरळ करता येईल, सुताराला विचारा. पुढच्या वेळी तिच्यावर कोणी चढेल, तेव्हा खाली एकजण उभे राहा.

मला ती आवडत नाही. अजूनही नाही. पण भंगारवाला लवकर येतो, तेव्हा कोणीतरी त्याच्याआधी या.