लांबलेली भाऊबीज

छबूबाईंनी भावाची मुलगी सून करून आणली, तेव्हा भावकीत त्यांचा तोरा पाहण्यासारखा होता. घरातली पोरगी घरात आली, आता माहेर कुठं जातंय, असं त्या येईल-जाईल त्याला ऐकवत. पोरांना विचारायचं मात्र राहून गेलं. ओंकार आणि अश्विनी लहानपणी सुट्टीत एका ताटात जेवलेले, एकमेकांच्या झिंज्या उपटलेले. लग्न लागलं, पण नवरा-बायको काही त्यांना होता आलं नाही. भांडण असतं तर चार माणसं बसवून मिटवलं असतं. इथं भांडणच नाही, तर मिटवायचं काय, डोंबल!

अश्विनी घोडेगावला बापाकडे परत गेली. वर्ष उलटल्यावर दोघांनी मिळून, राजीखुशीनं, नगरच्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केला. फेरविचाराला कायद्यानं सहा महिने दिले. त्यात पोरांचा विचार बदलला नाही. बदलले ते गहिनीनाथ, अश्विनीचे वडील, छबूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांचे फोन येईनासे झाले. छबूबाईंनीही केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? सून गेली तसं माहेरही गेलं, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं. भाऊबीजेला त्यांनी कर्जतच्या आपल्या अंगणात उभं राहून, भाऊ नसलेल्या बाईसारखं चंद्राला ओवाळलं आणि आत येऊन पदरात तोंड खुपसून रडल्या.

दिवाळी झाली आणि शेवटची तारीख आली. छबूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, तरी त्या ओंकारबरोबर निघाल्या. भाऊ निदान नजरेला पडेल, एवढाच लोभ. गहिनीनाथ आले होते, पण आवारातल्या लिंबाखाली पाठमोरे बसून होते. छबूबाईंचे पाय तिकडे वळलेच नाहीत.

आत न्यायाधीशबाईंनी दोघांना शेवटचं विचारलं. म्हणणं तेच आहे, जबरदस्ती कुणाची नाही, असं दोघांनी सांगितलं. सह्या झाल्या, घटस्फोट मंजूर झाला. जिना उतरताना ओंकार अश्विनीला म्हणाला, पायरी तुटकी आहे, जपून. मागून येणाऱ्या छबूबाईंना भडभडून आलं.

खाली व्हरांड्यात त्यांनी अश्विनीचा हात धरला.

"पोरी, आता मी तुजी कोण गं?"

"बारशाला माझ्या कानात नाव कुणी सांगितलं?" अश्विनी म्हणाली. "आत्या, मी सही ओंकारला सोडायची केली. तुला सोडायची न्हाई केली."

मग हलक्या आवाजात तिनं सांगितलं, की भाऊबीजेला तिचे वडील, अण्णा, दिवसभर ओट्यावर बसून होते. एसटी थांबली की उठून बघायचे. आपणच पोरीला परत घरात घेतलं, आता बहिणीला या म्हणायचं कसं, याच विचारानं त्यांचा धीर झाला नाही. संध्याकाळी जेवलेसुद्धा नाहीत.

छबूबाईंनी कपाळाला हात लावला. एका आईची दोन लेकरं, आणि आडमुठेपणात दोघंही सारखीच.

अश्विनीनं पिशवीतून छोटं तबक काढलं. निरांजन, कुंकवाची डबी, सुपारी. घटस्फोटाला निघालेली ही पोर सकाळी वाती वळत बसली होती. तुळशीचं लग्न लागेपर्यंत भाऊबीज चालते, हे तिला लहानपणी आत्यानंच सांगितलेलं. तिनं आत्याला लिंबाखाली नेलं.

तबक बघून गहिनीनाथ वळले. टोपी सारखी केली आणि पूर्वेकडे तोंड करून बसले. वारा होता, ज्योत टिकेना. तेव्हा ओंकार आणि अश्विनी, घटकेपूर्वी कायद्यानं वेगळे झालेले, वाऱ्याच्या बाजूला खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यांच्या आडोशाला छबूबाईंनी भावाला ओवाळलं.

"औंदा चंद्राला ववाळलं रं मी," त्या म्हणाल्या.

गहिनीनाथांनी डोळे पुसले.

"मी हुतो की, आक्का. दारातच हुतो."