तीन रकाने

मॅनेजरने तो जाडजूड अहवाल पुढे सरकवला आणि तक्त्यातल्या एका ओळीवर पेन टेकवलं. "कामगार क-सात. यंत्र क्रमांक चार. शिक्षण सातवी. नोकरी सव्वीस वर्षं. ओळखता का हिला, बाई?"

एरवी तोही तिला इतरांसारखं मावशीच म्हणायचा. आज 'बाई' म्हणाला तेव्हाच तिला कळलं की काहीतरी शिजलंय. इस्पितळाच्या धुलाईघरात चार नंबरच्या यंत्रावर तीन पाळ्यांत मिळून सहाजणी होत्या. त्यांत सातवीपर्यंत शिकलेल्या दोघी. आणि त्या दोघींत सव्वीस वर्षं त्या वाफेत काढलेली एकटी मावशी.

ओळीखाली तिचंच बोलणं छापलेलं होतं, शब्दन् शब्द. 'चादर जरा दमट असली की यंत्राला तिच्यात शिवलेली मोजणीची चकती वाचता येत नाही. मग ते सगळा गठ्ठा परत धुवायला पाठवा म्हणतं. दोन तास जातात, वर ऑपरेशन खोळंबतं. म्हणून आम्ही "वगळा" दाबतो आणि हाताने मोजतो. कंपनीच्या व्हिडिओत शिकवलंय तसं वागलो तर इस्पितळ बंद पडेल.'

लिहिणाऱ्यांनी याला 'अदृश्य कौशल्य' असं गोंडस नाव दिलं होतं. मॅनेजर त्याला नियमभंग म्हणत होता. ते बटण फक्त इंजिनियरने दाबायचं, असा कागद भिंतीवर चिकटवलेला होता, आणि इंजिनियर आठवड्यातून एकदा उगवायचा.

"नोकरीवर बेतेल हे," मॅनेजर म्हणाला. "पण एक वाट आहे. 'मी असं बोललेच नाही, त्या मुलीने मनाने लिहिलं,' एवढं लिहून सही करून द्या. सोमवारपर्यंत. मी फाइल बंद करतो."

ती मुलगी म्हणजे विद्यापीठातून आलेली अभ्यासवाली. धुलाईघरातल्या बायकांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. माणसं नवी यंत्रं कशी शिकतात यावर तिचा प्रबंध चालला होता. चार महिने ती यांच्याबरोबर चादरी घडी करत होती, मावशीच्या डब्यातलं खात होती. "तुमचं नाव कुठ्ठेही येणार नाही, मावशी," असं तिने गळ्याला हात लावून सांगितलं होतं. आणि आता केसाने गळा कापला होता! निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मावशी तडक विद्यापीठात गेली. प्रमुख प्राध्यापकांच्या खोलीत अभ्यासवालीही होती. मावशीला बघून ती उठून उभी राहिली.

"यात तुमचं नाव कुठे आहे, दाखवा," प्राध्यापक शांतपणे म्हणाले. "आम्ही सगळे नियम पाळलेत."

"नाव नाही दिलंत, पत्ता दिलात! मॅनेजर सरळ घरापर्यंत चालत आला."

उत्तर अभ्यासवालीने दिलं. काम तीन विभागांचं मिळून होतं. अभियांत्रिकीवाल्यांना यंत्राचा क्रमांक हवा होता, शिक्षणशास्त्राला शाळा किती झाली ते, आणि व्यवस्थापनवाल्यांना नोकरीची वर्षं. प्रत्येकाने आपापला रकाना तपासला आणि यावरून कुणी ओळखू येत नाही, असा शेरा मारला.

"तिन्ही रकाने एकत्र कुणी वाचलेच नाहीत," ती म्हणाली. "तक्ता मी जोडला, मावशी. माझ्याही लक्षात आलं नाही."

"आमच्याकडे दोन गठ्ठे एकत्र बांधायचे तरी दोघीजणी मोजतात गं! इथे एवढे शिकलेले तिघं, आणि एकालाही बेरीज येईना?" मावशीने तोंड प्राध्यापकांकडे वळवलं. "झालं ते झालं. आता माझ्याबरोबर चला. ते बटण का दाबावं लागतं ते मॅनेजरला सांगा. तुम्हीच छापलंय ना?"

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. कामाचा दुसरा टप्पा त्याच इस्पितळात व्हायचा होता आणि त्याची परवानगी अजून हातात यायची होती. संशोधकाला बाजू घेता येत नाही, असं ते म्हणाले. मग एकदम मायेने पुढे झुकले. "तुम्ही सही करून टाका ना. विद्यार्थिनीची नोंद चुकली, अशी एक तळटीप आम्ही टाकतो. कुणालाच त्रास नाही."

"आणि हिचं काय?"

"तिला प्रबंध नव्याने करावा लागेल कदाचित. तरुण आहे, करेल."

अभ्यासवालीलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आली होती या पोरीचे कान उपटायला, आणि इथे हा मोठा माणूस स्वतःची कातडी वाचवायला बसल्या जागी पोरीचा बळी देत होता, तोही चष्मा पुसत पुसत.

"साहेब, आमच्याकडे मळकी चादर दुसरीच्या गठ्ठ्यात सरकवणारीला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही," एवढं बोलून ती बाहेर पडली.

अभ्यासवाली जिन्यापर्यंत धावत आली. "मावशी, सही करा. खरंच करा. माझं मी बघेन."

"तू गप्प बस. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही."

रविवारी तिने ओट्याजवळ बसून कागद लिहिला, तीनदा खोडून. नवऱ्याने मान लांब करून वाचला आणि कपाळाला हात लावला. "अगं, सगळंच खरं लिहायची काय गरज होती? थोडं तरी मागे ठेव!"

सोमवारी मॅनेजरचा नूर पार पालटला होता. "या मावशी, बसा! तुमच्या कागदाची गरजच उरली नाही. ती पोरगी सकाळी सातलाच येऊन लिहून देऊन गेली." त्याने एक पत्र पुढे केलं. 'क-सात ही मुलाखत खोटी आहे. ती मी मनाने रचली. असा कामगार अस्तित्वात नाही.' खाली तिची सही. "म्हणजे यंत्रात दोष नाही, व्हिडिओ बरोबर, आणि तुम्ही सुटलात. जा आता कामाला."

नुसतं उठून जायचं होतं. तोंडसुद्धा उघडायला लागणार नव्हतं. दोन वर्षं कशीही निघाली असती. पण मावशीने ते पत्र पुन्हा वाचलं आणि तिला त्या कार्टीचा भयंकर संताप आला. कुणी सांगितलं होतं हिला शहाणपण? सहा वर्षांचं शिक्षण एका कागदावर ओवाळून टाकायला निघाली!

तिने पत्राचे उभे दोन तुकडे केले, मग आडवे.

"अहो, काय करताय!"

"खोटं आहे ते. चार महिने बघितलंय मी तिला. घडी तिरकी झाली तर आपण होऊन सांगायची. खोटं बोलायची सवयच नाही, म्हणून असलं भलतंच लिहून बसली."

मग तिने पर्समधून स्वतःचा कागद काढून टेबलावर ठेवला. छापलंय ते सगळं मी बोलले. ते खरं आहे. बटण मीच दाबते, गेल्या आठवड्यात एकोणतीस वेळा दाबलं, आणि एकही ऑपरेशन खोळंबलं नाही. खाली पूर्ण नाव आणि सही.

मॅनेजरने तो हात न लावताच वाचला. "मावशी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "हे मी घेतलं तर मला तुम्हाला काढावं लागेल."

"घ्या," ती म्हणाली. "आणि पोच द्या."