एक नग, मार्ग: वरून

"विश्वात आपण एकटे नाही, हौसेराव," चंद्रशेखर साहेब अतिशय गंभीरपणे म्हणाले, "तेव्हा हे पान फाडा."

तळोज्यातल्या त्या रसायन कंपनीचे चंद्रशेखर साहेब हे मॅनेजर आणि हौसेराव वाहुळे हे गेटावरचे वॉचमन. एकवीस वर्षांत साहेब गेटावरच्या केबिनमध्ये स्वतः चालत आल्याची ही पहिलीच वेळ होती. त्यामुळे केबिनमधली एकुलती खुर्ची कोणी घ्यायची हे ठरेना आणि दोघेही उभेच राहिले. खुर्चीवर जावक रजिस्टर होतं. मंगळवारचं पान उघडलेलं होतं आणि हौसेरावांच्या टपोऱ्या अक्षरात त्यावर लिहिलं होतं:

'६.४२ सायं. गोल वस्तू, एक नग. प्लँट नंबर दोनमधून. मार्ग: वरून. गेटपास नाही.'

त्याखालची ओळ अशी:

'६.५० सायं. कुंदन, ऑपरेटर. साहेबांच्या गाडीत, आडवा. मार्ग: मेन गेट. गेटपास नाही.'

हौसेरावांना हे काम शिकवलं ते एका रिटायर सुभेदारांनी. त्यांनी सांगितलं होतं, दिसलं ते लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. त्या संध्याकाळी प्लँट दोनच्या बाजूने धाडकन आवाज झाला, एक चकचकीत गोल वस्तू गरगरत वर गेली, मावळतीचं ऊन लागून तांबडीलाल झाली आणि कंपाउंडच्या भिंतीवरून बाहेर पडली. हौसेरावांना बरंच काही वाटलं होतं. त्यातलं काहीही त्यांनी लिहिलं नाही.

वाटण्याचं काम खारघरच्या लोकांनी केलं. तिथल्या उंच इमारतींच्या बाल्कन्यांतून सूर्यास्ताचे फोटो काढण्याचा रिवाज आहे. त्या दिवशी तिघा-चौघांच्या मोबाइलमध्ये सूर्याशेजारी नखाएवढा दुसरा सूर्य आला. रात्री जेवणं होईपर्यंत त्याची उडती तबकडी झाली होती, आणि बुधवारी सकाळी एका चॅनेलवर कोणी ज्योतिषी तबकडीतल्या मंडळींची रास सांगत होता.

कंपनी आधी घाबरली आणि मग तिला आनंद झाला. तबकडी आकाशातून आली असेल, तर प्लँट दोनमधून काही गेलंच नाही. काही गेलंच नाही, तर कुंदनचा हात आणि अर्धा चेहरा तिथे भाजला नाही. तो सहा वाजता सुटला आणि हायवेवर त्याची बाईक घसरली, असं आता ठरलं होतं. त्याची बायको गीतांजली बुधवारी गेटावर आली तेव्हा ऑफिसातल्या माणसाने तिला हेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग आत शेडकडे बोट करून तिने विचारलं, मग ही बाईक कुणाची? बाईक कुंदनचीच होती. सीटवर कबुतरं बसली होती.

जाताना ती हौसेरावांना एवढंच म्हणाली, "मामा, डॉक्टर म्हणतात हाताचं सांगता येत नाही. कामावर भाजला एवढं तरी लिहून मिळू दे."

लिहिलेलं होतं. प्रश्न ते राहील का, हा होता.

"फाडता येत न्हाई साहेब," हौसेराव म्हणाले. "पानाला नंबर हायेत."

साहेबांनी मग काखेतून नवीन रजिस्टर काढलं. सगळं त्यात स्वच्छ उतरवून काढायचं. फक्त गोल वस्तू घ्यायची आवकमध्ये, कारण ती बाहेरून आली, आणि कुंदन घ्यायचा सहा वाजून पाच मिनिटांनी, स्वतःच्या बाईकवर. बाकी कानामात्रा बदलायची नाही. साहेब माणूस तसा प्रामाणिक होता.

"आवकमधी न्हाई लिवणार म्या. ती आली न्हाई. गेली."

"तुम्ही काय शास्त्रज्ञ आहात?"

"न्हाई साहेब, वॉचमन हाय. आत काय येतंय आन् बाहेर काय जातंय, एवढंच कळतं."

साहेबांनी नवीन रजिस्टर पुन्हा काखेत मारलं. मग सहज आवाजात म्हणाले की राहू दे, हे जुनं रजिस्टर मी घरी नेऊन जरा बघतो. हौसेरावांनी गेटपासचं बुक पुढे केलं. कंपनीची वस्तू गेटाबाहेर जायची तर पास हवा, आणि त्यावर मॅनेजरची सही हवी. साहेबांनी पेन काढलं. 'वस्तूचे वर्णन' या रकान्याशी ते थबकले, पेन खिशाला लावलं आणि नवीन रजिस्टर घेऊनच परत गेले.

शुक्रवारी हौसेरावांच्या हातात बदलीचा कागद पडला. सोमवारी पाच वाजता चार्ज देऊन पावणे गावातल्या कंपनीच्या गोदामावर हजर व्हायचं. त्या गोदामात गेली तीन वर्षं काही आलं नव्हतं, आणि त्यामुळे काही गेलंही नव्हतं. सुंदराबाईंनी घरी विचारलं, एका ओळीसाठी एवढं कशाला अंगावर घेता? हौसेराव म्हणाले, एक नाही, दोन ओळी आहेत. त्यावर सुंदराबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि तो विषय तिथेच संपला.

शनिवारी खारघरहून शौनक नावाचे एक गृहस्थ आले. ते सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि शिवाय एका परग्रह अभ्यास मंडळाचे सचिव होते. मंडळात सात सभासद होते आणि त्यांपैकी पाच एकाच सोसायटीतले. सरकार हे प्रकरण दडपतंय अशी त्यांची खात्री होती, आणि तसं त्यांनी सरकारलाच लेखी कळवलं होतं. गेटासमोर सुनयनाची चहाची टपरी आहे. तिथे त्यांनी हौसेरावांना गाठलं, होकायंत्र काढलं आणि तबकडी कोणत्या दिशेने आली ते विचारलं.

"आली न्हाई. गेली."

"काका, नीट आठवा. तुमच्यावर दबाव आहे का?"

"हाय ना. पर तो आली म्हनायचा हाय."

शौनकना हे झेपलं नाही. वहीत लिहायला हात मोकळा हवा, म्हणून त्यांनी चहाचा ग्लास शेजारच्या पिंपावर ठेवला. ग्लासातून चहा सांडला आणि पिंपाच्या झाकणावरचा चिखल तेवढ्यापुरता धुतला गेला. हौसेरावांनी तिकडे बघितलं. मग त्यांनी ग्लास उचलून शौनकच्या हातात दिला आणि झाकण रुमालाने पुसलं. ते जाड, चकचकीत पोलादाचं होतं. कडेने बोल्टांची भोकं होती, आणि मधोमध पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: आर-२.

"सुनयनाताई, हे कुठलं?"

"मंगलवारी वरशी पडला," सुनयना कपबशा विसळता विसळता म्हणाली. "मागं नाल्यान. कोनाचा हाय इचारलं, कोन बोलला नाय. मंग ठेवला पिंपाव. लय जड हाय मेला, पन मांजर तोंड घालत नाय."

प्लँट दोनमधल्या मोठ्या टाकीचं ते झाकण होतं. आत दाब वाढला, बोल्ट तुटले आणि ते उडालं. चार दिवस ते कंपनीच्या दारासमोर कपबशा विसळायच्या पाण्यावर बसून होतं, आणि तबकडी शोधायला आलेली झाडून सगळी मंडळी त्याला टेकून चहा पीत होती.

शौनकनी होकायंत्र मिटलं. "म्हणजे हे... ह्यांचंच?" त्यांचा चेहरा इतका पडला की सुनयनाने त्यांना दुसरा चहा दिला. पण माणूस सच्चा होता. त्यांनी झाकणाचे फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी सरकारला ईमेलने दुसरं पत्र पाठवलं, की दडपादडपी चालू असल्याचं आपलं म्हणणं कायम आहे, फक्त ग्रह बदलावा.

उडत्या वस्तूंचा विभाग सरकारात नसल्याने ते पत्र कारखान्यांची सुरक्षा तपासणाऱ्या खात्याकडे गेलं, आणि सोमवारी चार वाजता तिथल्या शुभदा मॅडम जीपमधून उतरल्या. चंद्रशेखर साहेबांनी त्यांना ऑफिसात उतरवून घेतलेलं नवीन रजिस्टर दाखवलं. हौसेरावांनी जुनं रजिस्टर शेजारी ठेवलं. मॅडमनी दोन्ही वाचली.

"यांचा आज शेवटचा तास आहे इथे," साहेब म्हणाले. "वयामुळे होतं असं. कधी आकाशात काही दिसतं, कधी काय."

मॅडमनी हौसेरावांना विचारलं, "तुम्ही लिहिलंय की वस्तू इथून गेली. कुठे गेली?"

"रस्त्यापलीकडं, मॅडम. पिंपावर."

सगळे रस्ता ओलांडून गेले. साहेब म्हणाले, असली झाकणं बाजारात पैशाला पासरी मिळतात. हौसेराव म्हणाले, भोकं सोळा हायेत, आतल्या टाकीचीबी सोळाच असतील, मोजा. मॅडम आत गेल्या आणि मोजून आल्या. टाकीवर नवीन झाकण होतं, आणि मॅडमच्या बोटांना त्याचा ओला रंग लागलेला होता. मग त्यांनी शेडमधल्या बाईकचा फोटो घेतला आणि कुंदन कोणत्या हॉस्पिटलात आहे ते हौसेरावांना विचारलं. साहेबांना विचारलं नाही.

बदलीचा कागद मात्र कोणी मागे घेतला नाही. घेईल असं हौसेरावांनाही वाटलं नव्हतं. जुनं रजिस्टर मॅडमनी ताब्यात घ्यायचं म्हटलं, तेव्हा हौसेरावांनी गेटपासचं बुक काढलं आणि साहेबांपुढे धरलं. या वेळी वस्तूचं वर्णन हौसेरावांनी आधीच लिहून ठेवलं होतं. साहेबांनी सही केली.

रजिस्टर देण्याआधी हौसेरावांनी त्यात शेवटची ओळ लिहिली: '५.०० सायं. हौसेराव गंगाराम वाहुळे, वॉचमन, एक नग. मार्ग: मेन गेट.' पुढे 'परतीचा माल' असा रकाना होता. तो त्यांनी कोरा ठेवला. मग टोपी डोक्यावर नीट बसवून, डबा घेऊन, ते गेटातून ताठ चालत बाहेर पडले.

समोर दोन शिपाई झाकण जीपमध्ये चढवत होते. गीतांजली टपरीशी उभी होती. तिने हात जोडले. हौसेरावांनी मान हलवली.

जीप गेली. सुनयना उघड्या पिंपाकडे बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "पावन्याला चाललाच हाव, तर येताना पिंपाला येखादा झाकन बगा. यो मापाचा."