काळ्या कोयत्याचं म्हणणं

"पाण्यात न्हाय, शिवे! त्येलात बुडव त्याला!"

मित्रांनो, माझ्या जन्मवेळचे हे शब्द अजून माझ्या अंगात घुमतात. मी एक काळा कोयता आहे. त्याआधी बारा वर्षं मी टेंभुर्णीच्या रस्त्यावरच्या एका मालट्रकचा, चाकांवरचे धक्के झेलणारा कमानपाटा होतो. खड्ड्यात वाकायचं, पुन्हा सरळ व्हायचं, एवढंच मला ठाऊक. विरुपाक्ष लोहाराने भंगाराच्या ढिगातून मलाच निवडलं. त्याच्या बायकोने, शिवबाईने, मला लालबुंद तापवलं. विरुपाक्ष वेळेवर ओरडला नसता आणि तिने मला पाण्यात बुडवलं असतं, तर मी तडकलोच असतो.

गावातल्या चंद्रव्वाने मला करून घेतलं ते दिलेल्या शब्दासाठी. ओढ्यापलीकडच्या निंगव्वाची वाट वेड्या बाभळीने बुजली होती. एकही सोमवार न चुकवणारी म्हातारी दोन महिने महादेवाला गेली नव्हती. "श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तुला देवळात नेते," असं चंद्रव्वा तिला म्हणाली होती.

म्हणूनच विरुपाक्षाने माझी पाठ जाड ठेवली, पोट पुढे काढलं आणि दगडावर आपटून मोडू नये म्हणून टोक मुद्दाम बोथट केलं.

चंद्रव्वाचा दीर महेश्वर मात्र हसला. "वैनी, ह्ये काळं काय उचलून आणलंस? सोलापुरात चकचकीत मिळत्यात की!"

त्याने मला धार लावायच्या मशीनच्या चाकावर धरलं. ठिणग्या उडाल्या. माझी धार पातळ झाली, चमकली आणि निळी पडली. पहिल्याच फांदीवर ती दुमडली.

"बघ, भंगारच निघालं!"

मित्रांनो, मी भंगार नाही! भाजलं त्याने आणि नाव मात्र माझं खराब.

चंद्रव्वा मला घेऊन पुन्हा भट्टीवर गेली. शिवबाई बघताच कडाडली, "धार जाळली की गं तुझ्या दिरानं! चकाकी पायजे तर आरसा घे म्हणावं." तिने मला पुन्हा तापवलं, तेलात बुडवलं, मंद आचेवर शेकलं आणि धार हाताने दगडावर लावली.

मला गंज चढतो, कबूल. काम झालं की पुसा, तेलाचं बोट फिरवा. एवढं माझं हक्काचं मागणं आहे. पण मला चमकवायला जाऊ नका. मी काळाच राहणार.

आज तो सोमवार. चंद्रव्वाने पहाटेच कपाळाला विभूती लावली.

"उपाशीपोटी काटं तोडतीस व्हय? दुपारी चार माणसं बघतो की," महेश्वर म्हणाला.

तिने पदर खोचला, मला उचललं आणि ओढ्याकडे चालू लागली.