दुसरी किल्ली

ताईला धाकट्या बहिणीचा हेवा वाटायचा, आणि तो ती लपवायचीही नाही. का लपवावा? अण्णांची पथ्यं हिने सांभाळायची, गोळ्या हिने द्यायच्या, कुरकुर हिने ऐकायची. आणि धाकटी महिन्यातून एकदा केक घेऊन उगवली की म्हातारा नुसता खुलायचा. "आली का माझी सोनी!" ताई रोज घरातच, तिला 'आली का' कोण म्हणणार?

नवरा गेल्यावर ताई वडिलांकडे राहायला आली होती. अण्णा एके काळी क्लबात नेमबाजी करायचे. त्यांची बंदूक आता लोखंडी कपाटात पडून होती. नियम असा, की कपाटाची दुसरी किल्ली विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची आणि त्याचं नाव परवाना खात्याला कळवायचं. ताईला ती किल्ली कधी दिसली नव्हती, पण नाव आपलंच असणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

त्या आठवड्यात अण्णांचं डोकं फिरलं होतं. खात्याने बंदूकवाल्यांची सगळी माहिती संशोधकांना देऊन टाकली होती.

"माझ्या घरातल्या गोष्टींची यांना कशाला उठाठेव?"

"अहो अण्णा, अभ्यास करतात ते. माणसांचे जीव वाचतील म्हणे."

"वाचवू देत की! पण आधी विचारायचं तरी!"

एवढं काय मनाला लावून घ्यायचं, ते ताईला कळेना.

मग एका सकाळी अण्णा अंघोळीला गेले असताना फोन आला. संशोधन करणारी मुलगी गोड बोलत होती.

"तुम्ही त्यांची मुलगी ना? म्हणजे दुसरी किल्ली तुमच्याकडे असते."

"मग! मीच तर सांभाळते त्यांना."

"आणि तुम्ही बेकरीच्या वर राहता, बरोबर?"

बेकरीच्या वर धाकटी राहायची.

"ती माझी बहीण," ताई म्हणाली. मुलगी चपापली, "सॉरी, मी हे बोलायला नको होतं," म्हणाली आणि फोन ठेवून मोकळी झाली. ताईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णा डोकं पुसत बाहेर आले, तशी ती कडाडली.

"राबायचं मी, आणि विश्वास तिच्यावर? इथे काय मोलकरीण आहे मी?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या त्या संशोधकांनी!"

अण्णा खुर्चीत बसले. "आणि कारण? तेही सांगितलं?"

"कसलं कारण?"

"किल्ली घराबाहेर ठेवायची तर खातं कारण विचारतं. मी खरं ते सांगून बसलो." त्यांनी टॉवेल मांडीवर घेतला. "तू नवीन आली होतीस. एका दुपारी त्या कपाटासमोर उभी होतीस. किती वेळ उभी होतीस, बाळा. मी चहा मागितला. तो संपायच्या आत पुन्हा मागितला."

ताईला तो चहा आठवला. दुसऱ्या कपाला ती वैतागली होती. त्यांना काही दिसलं नाही, असंच ती आजवर धरून चालली होती.

अण्णांच्या गळ्यात ओला दोरा होता. तो मळका दोरा टाका म्हणून ती कितीदा मागे लागली असेल. त्याला पहिली किल्ली होती.

"धाकटीला माहीत आहे?" ताईने हळूच विचारलं.

"छे! तुझं ते तुझ्यापाशीच राहावं, म्हणून तर भांडत होतो. आता कोण कोण वाचत बसलंय, देव जाणे."

दुपारी ताईने धाकटीला फोन लावला. "ती कपाटाची किल्ली नीट ठेवली आहेस ना? राहू दे तुझ्याकडेच."

"ठेवली आहे गं. पण माझ्याकडे का, ते अण्णा काही सांगत नाहीत," धाकटी फणकारली. "मी आले की नुसता केक खातात. मनातलं सगळं तुलाच सांगतात. तू लाडकी ना त्यांची!"

आतून अण्णांनी चहा मागितला, तशी ती फोन कानाला धरूनच उठली आणि तिने दोन कपांचं आधण ठेवलं.